नावाचा रकाना

१२ जानेवारी, रविवार. कॉव्हेंट्री, इंग्लंड

येऊन आठ दिवस झाले. थंडी आहे, पण थंडीचा बाऊ करणाऱ्यांपैकी मी नाही. (दोन स्वेटर घालून, कानटोपीत लिहितोय.)

या वर्षाचा संकल्प एकच. सुप्रभा आणि ईशिता यांना ऑगस्टअखेर इथे आणणे. ईशिता सप्टेंबरमध्ये इयर टेनला बसली पाहिजे. इथली दहावी, म्हणजे जीसीएसई, दोन वर्षं चालते आणि मध्येच घुसलेल्या मुलीचे हाल होतात. सप्टेंबर चुकला तर तिला पुण्यातच नववी-दहावी करावी लागेल आणि तिच्यासाठी सुप्रभाला तिथे थांबावं लागेल. म्हणजे दोन वर्षं त्या दोघी तिकडे आणि मी इकडे. तसं काही होणार नाही. कागदपत्रांचं खातं माझ्याकडे आहे.

मी एकवीस वर्षं क्वालिटी डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. गिअरबॉक्सच्या एका बोल्टमागे अकरा कागद असतात, ते मी सांभाळतो. दोन माणसांचे असून असून किती असणार?

निळी फाईल बरोबर आणली आहे. सुप्रभा म्हणत होती, ओरिजिनल इथेच राहू दे, कामं इथेच पडणार. मी म्हटलं, ओरिजिनल कर्त्या माणसाजवळ असतात. तिने फाईल उचलून माझ्या बॅगेत टाकली. पटलं असावं.

१९ जानेवारी, रविवार

आज फाईल उघडणार होतो. पण आधी मन शांत पाहिजे. झोपलो.

२७ जानेवारी, सोमवार

ऑफिसात अंशुमन नावाचा एक मुलगा आहे. इथेच जन्मला, आईवडील नाशिकचे डॉक्टर. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मला सरळ अरे-तुरे करतो. आज विचारलं, तुझा मुलगी कधी येतो? मी म्हटलं, ऑगस्टमध्ये, सगळं प्लॅन झालेलं आहे. तो म्हणाला, त्याच्या डॅडचे पेपर्स करायला दोन वर्षं लागलेली. बिचारे डॉक्टर. त्यांना डॉक्युमेंटेशनची सवय नसणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला टप्पा फत्ते. सुप्रभा आणि ईशिता यांची व्हिसासाठी लागणारी टीबीची तपासणी आज पुण्यात झाली. सर्टिफिकेट सहाच महिने चालतं, एवढ्या लवकर कशाला, असं सुप्रभाचं म्हणणं. मी फोनवर तिला अर्धा तास समजावलं की माणसाने सोपी कामं आधी उरकावीत म्हणजे कॉन्फिडन्स येतो. शेवटी ती कंटाळून गेली आणि करून आली.

म्हणजे १४ ऑगस्टच्या आत व्हिसाचा अर्ज गेला पाहिजे. सहा महिने! सहा महिन्यांत लोक घरं बांधतात.

२ मार्च, रविवार

फाईल उघडली. मिक्सरचं वॉरंटी कार्ड (मिक्सर २०१४ साली गेला), सोसायटीच्या पार्किंगबद्दलचा माझा पत्रव्यवहार, माझी बारावीची मार्कलिस्ट तीन प्रतींत, आमचं मॅरेज सर्टिफिकेट, आणि ईशिताचा जन्मदाखला. दाखला मी २०१२ सालीच लॅमिनेट करून घेतला होता. तेरा वर्षांत एक डाग नाही, एक घडी नाही. असा जन्मदाखला सबंध मिडलंड्समध्ये कुणाकडे नसेल.

फोटो काढून सुप्रभाला पाठवला. खाली लिहिलं, बघ, याला म्हणतात प्रिझर्व्हेशन.

२ मार्च, तासाभराने

सुप्रभाचा एका ओळीचा मेसेज. यात नाव कुठे आहे?

दाखला खिडकीपाशी नेऊन बघितला. जन्मतारीख आहे, वेळ आहे, वजनसुद्धा आहे. आईचं नाव, बापाचं नाव. बाळाचं नाव, पुढे रेघ.

३ मार्च, सोमवार

यात माझी चूक काही नाही, हे नोंदवून ठेवतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ईशिता सुप्रभाच्या गावी जन्मली. दवाखान्याने तिसऱ्या दिवशी नगरपालिकेला कळवलं, आणि बारसं होतं बाराव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी नाव कुठून आणणार? मग बारशाच्या वेळी आमच्या आईचा आग्रह, वैजयंतीच ठेवायचं. तिच्या आईचं नाव ते. सुप्रभाला ईशिता हवं होतं, तिने ते कॉलेजात असल्यापासून ठरवून ठेवलेलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलेना. शेवटी तोडगा मी काढला. पाळण्यात आमच्या ताईने, म्हणजे आत्याने, बाळाच्या कानात वैजयंती म्हणायचं आणि बाकी जगाने ईशिता. दोन्ही पक्ष खूष. मग सुप्रभाने सांगितलं, नगरपालिकेत जाऊन ईशिता टाकून ये. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, पुढच्या आठवड्यात जातो.

शाळा, आधार, पासपोर्ट, सगळीकडे ईशिता लागलं. दाखल्याकडे परत कुणी बघितलं नाही, कारण तो मी नीट जपून ठेवला होता.

नियम वाचला. व्हिसाच्या अर्जाला मुलीचं नाव असलेला दाखला लागतो. नाव टाकायला पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते. ईशिता नोव्हेंबरमध्ये पंधराची होईल. म्हणजे मी मुदतीच्या आत आहे. उगाच घबराट.

८ मार्च, शनिवार

माझा मेहुणा पुष्कर तिथेच गावात असतो, तो नगरपालिकेत जाऊन आला. तिथला क्लार्क सज्जन आहे म्हणे. लागणार काय तर अर्जाचा एक फॉर्म, आणि मूळ नोंदीवर सही बापाची असल्यामुळे प्रतिज्ञापत्रही बापाचं. मी परदेशात असल्याने ते इथल्या भारतीय वकिलातीकडून अटेस्ट करून, मूळ कागद पाठवायचा. नाव एकदाच टाकता येतं, नंतर बदल नाही. पण त्याचा आपल्याशी संबंध नाही.

सुप्रभाने रात्रीत फॉर्म भरून, प्रतिज्ञापत्र टाइप करून पाठवलं. वर लिहिलंय, "शशी, डोकं चालवू नकोस. प्रिंट काढ आणि फक्त सही कर."

मनाला लागलं. इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला फक्त सही कर?

१६ मार्च, रविवार

सुप्रभाचा ड्राफ्ट वाचला. चार ओळी. ना व्हर्जन नंबर, ना पान एकपैकी एक. अशा कागदाला माझ्या ऑफिसात कुणी हात लावणार नाही. पुन्हा करतोय. आवृत्ती १.०.

५ एप्रिल, शनिवार

शेअरिंगची खोली सोडली. दोन बेडरूमचं घर घेतलं. लहान खोली ईशिताची. अंशुमनने त्याच्या बहिणीचा जुना सिंगल बेड दिला आणि तो जिन्यावरून चढवायलाही आला. मधल्या वळणावर बेड अडकला, चाळीस मिनिटं आम्ही दोघं तसेच उभे होतो. चांगला मुलगा आहे.

ईशिताला व्हिडिओवर खोली दाखवली. तिने विचारलं टेबल खिडकीजवळ ठेवशील का, तिला बाहेर बघत अभ्यास करायला आवडतं. बाहेर शेजाऱ्यांचे कचऱ्याचे तीन डबे दिसतात, पण रंग वेगवेगळे आहेत. आणि टेबल टेनिसचा क्लब जवळपास आहे का, तेही विचारलं. आहे म्हणून सांगितलं. शोधायला हवा.

कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं होतं. घरात एकटेच राहत असाल तर कौन्सिल टॅक्समध्ये सवलत मिळते, अर्ज करा. मी पत्र बाजूला टाकलं. माझं कुटुंब आज-उद्या येतंय. कागदावर खोटं लिहिण्यातला मी नाही.

२१ एप्रिल, सोमवार

सुप्रभाने विचारलं, सही झाली का. मी म्हटलं, आवृत्ती ३.२ वर आहे. तिने फोन ईशिताकडे दिला. ईशिताने विचारलं, बाबा, क्लब बघितलास? मी म्हटलं, आत्ता ईस्टरची सुट्टी आहे.

५ मे, सोमवार

सकाळी ट्रेनने बर्मिंगहॅमच्या वकिलातीत गेलो, अटेस्टेशनसाठी. बंद. बँक हॉलिडे, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी. दारावरची पाटी वाचून दोन-चार मिनिटं तिथेच उभा राहिलो. निदान त्यांनी लोकांना आधी कळवायला नको का? मला रजा टाकावी लागत नव्हती म्हणून तर मी आजचा दिवस निवडला होता.

परत येताना लक्षात आलं की अपॉइंटमेंटही घ्यावी लागते. म्हणजे उघडं असतं तरी काम झालं नसतं. या विचाराने बरं वाटलं.

११ जून, बुधवार

अपॉइंटमेंट घेऊन गेलो. अर्धी रजा. फाईलमध्ये प्रतिज्ञापत्राची आवृत्ती ५.१, ईशिताचा दाखला, सुप्रभाच्या पासपोर्टच्या प्रती, आमचं मॅरेज सर्टिफिकेट, घराचा करार, आणि वेळ पडलीच तर म्हणून बारावीची मार्कलिस्ट. काउंटरवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट मागितला.

माझा पासपोर्ट सुरक्षित जागी आहे. उशीखाली. कॉव्हेंट्रीत.

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, घाई नाही, पुन्हा या. सुप्रभाला काय सांगायचं याचा विचार करत स्टेशनवर कॉफी प्यायलो. शेवटी प्रोसेसमध्ये आहे, असं सांगितलं. हे खोटं नाही.

२९ जून, रविवार

सुप्रभाने लॅबमध्ये नोटीस दिली. बारा वर्षांची नोकरी. ऑगस्टअखेर शेवटचा दिवस. ती म्हणाली, मी माझं केलं, आता तुझं तेवढं राहिलंय. आवाज चढवून नाही बोलली. चढवला असता तर बरं झालं असतं.

उद्यापासून रोज एक तास फक्त कागदपत्रं. सहा ते सात. अलार्म लावला.

३० जून, सोमवार

अलार्म सकाळी सहाचा लागला. मला संध्याकाळचे अपेक्षित होते.

२० जुलै, रविवार

आवृत्ती ७.०, अंतिम. तीन पानं, अकरा परिच्छेद. वाचताना स्वतःचाच अभिमान वाटला.

५.१ परत वाचताना एकाच ठिकाणी अडलो होतो. बाळाचे नाव. फॉर्मवर रकाना एकच आहे आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, नामकरणाच्या वेळी ठेवलेले नाव. सुप्रभाने सरळ ईशिता लिहिलं होतं. आता नामकरणाच्या वेळी ठेवलेलं नाव ईशिता होतं का? नव्हतं. पाळण्यात ताईने बाळाच्या कानात काय सांगितलं ते चाळीस माणसांनी ऐकलंय. प्रतिज्ञापत्रावर मी शपथेवर सांगणार, आणि हे जाणार इंग्लंडच्या सरकारपुढे. इथे खऱ्याला फार किंमत आहे.

म्हणून नवा कोरा फॉर्म घेऊन रकान्यात वैजयंती लिहिलं. परिच्छेद ७ मध्ये स्पष्ट खुलासा केला की सदर कन्या व्यवहारात ईशिता या नावाने ओळखली जाते. दोन्ही नावं आली. कुणालाही शंका उरायला नको.

आणि इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. आई गेली तेव्हा ईशिता दोन वर्षांची होती. शेवटच्या आजारपणात आई तिला वैजूच म्हणायची आणि आम्ही सगळे ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. रकान्यात ते नाव लिहिताना मला फार बरं वाटलं. हाताने लिहिलं, छान अक्षरात.

२४ जुलै, गुरुवार

अटेस्ट झालं. पासपोर्ट नेला होता. शिक्का सुरेख उठलाय.

२६ जुलै, शनिवार

पाकीट बंद करून थेट पुष्करच्या नावाने कुरिअर केलं. सुप्रभाला पुण्यात पाठवून मग तिने गावी पाठवायचं, यात चार दिवस गेले असते. पाकिटावर ठळक लिहिलं, उघडू नये, आहे तसे नगरपालिकेत द्यावे. पुष्करला भोचकपणाची सवय आहे.

सुप्रभाचा मेसेज आला, पाठवण्याआधी एक फोटो टाक. मी कळवलं, सील झालं, विश्वास ठेव. तिने अंगठा पाठवला. लग्नाला अठरा वर्षं झाली. विश्वास आहे तिचा.

४ ऑगस्ट, सोमवार

पुष्करने पाकीट जसंच्या तसं नगरपालिकेत दिलं. पाकिटावरची सूचना अक्षरशः पाळली. पहिल्यांदाच त्याने माझं ऐकलं.

ईशिताच्या खोलीत पिवळा पडदा लावला. थोडा आखूड झालाय. टेबल खिडकीपाशी सरकवलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ताईचा पुण्याहून फोन. तिला सांगितलं, सगळे कागद मार्गी लागले. ती म्हणाली, शशी, तुझ्यासारखा चोख तूच. मग तिने विचारलं, कुठलं नाव घातलंस रे शेवटी? मी म्हटलं, दोन्ही. दोन्ही म्हणजे, असं तिने तीनदा विचारलं. लाईन खराब असावी.

११ ऑगस्ट, सोमवार

दाखला मिळाला. पुष्करने फोटो ग्रुपवर टाकला. नवा कोरा कागद, गोल शिक्का. बाळाचे नाव, वैजयंती. परिच्छेद ७ दाखल्यावर छापत नाहीत.

ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. तास झाला. मी एक फूल पाठवलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सुप्रभा सकाळीच पहिली गाडी पकडून गावी गेली आणि पुष्करला घेऊन नगरपालिकेत. क्लार्कने माझा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. म्हणाला, बाई, यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, किती छान अक्षर आहे. आता बदल करायचा तर कोर्टात जावं लागेल. त्याला वाईट वाटलं म्हणे. चहा मागवला तिच्यासाठी.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी परिच्छेद ७ समजावून सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुला फक्त सही मागितली होती."

आणि फोन ठेवला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

टीबीची सर्टिफिकेटं आज संपली.

१७ ऑगस्ट, रविवार

रडत बसणाऱ्यातला मी नाही. शांतपणे विचार केला आणि मार्ग सापडला. दाखला बदलता येत नाही ना? मग बाकीचे कागद बदलायचे. आधार, पासपोर्ट, शाळेचं रजिस्टर, बँकेचं खातं, गॅझेट, आणि टेबल टेनिस असोसिएशनचं कार्ड. फक्त सहा. दोघींची टीबीची तपासणी परत करू. तक्ता बनवला, रंग दिले. सप्टेंबर गेला तरी ऑक्टोबरमध्ये ती वैजयंती या नावाने इथे येऊ शकते.

व्हिडिओ कॉलवर दोघींना तक्ता दाखवला. सुप्रभा उठून आत गेली. ईशिता स्क्रीनकडे बघत बसली. तिने केस कापलेत, मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, बेटा, सहाच कागद आहेत, बाबा सगळं करेल.

ती म्हणाली, "बाबा, तू वैजयंतीला घेऊन जा. मी इथेच बरी आहे."

चौदा वर्षांची मुलगी. रागावली असती तर समजूत घातली असती. ती तर हसून बोलली, अनोळखी माणसाशी बोलतात तसं.

तक्ता आवृत्ती १.० फाडला.

३१ ऑगस्ट, रविवार

सुप्रभाने नोटीस मागे घेतली. लॅबवाल्यांनी आनंदाने परत घेतलं, पगारही थोडा वाढवला. मला हे पुष्करकडून कळलं. दोघी आता दोन वर्षं तिथेच. दिवाळीत तू ये, असा तिचा मेसेज आहे. खाली लिहिलंय, येताना निळी फाईल घेऊन ये आणि इथे ठेव.

३ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसला जाताना शाळेपाशी थांबलो. पहिला दिवस. नवे ब्लेझर, सगळ्यांच्या बाह्या लांब. एक मुलगी बसमधून उतरली, तिच्या बॅगेतून टेबल टेनिसची बॅट डोकावत होती. म्हणजे क्लब आहे कुठेतरी जवळ. मला उगाचच तिला विचारावंसं वाटलं, कुठे आहे म्हणून. विचारलं नाही. ऑफिसला उशीर झाला.

६ सप्टेंबर, शनिवार

अंशुमन विचारत होता, तुझा मुलगी नाही आला तर तो बेड माझी कझिनला देऊ का, तिला युनिव्हर्सिटी सुरू होते. मी म्हटलं, ने. येतो म्हणाला उद्या. पडदा काढून ठेवला.

९ सप्टेंबर, मंगळवार

कौन्सिलचं ते जुनं पत्र सापडलं, मिक्सरच्या वॉरंटी कार्डाखाली. ऑनलाइन फॉर्म भरला. या पत्त्यावर राहणाऱ्या प्रौढ व्यक्ती, एक. अन्य कुणी येण्याची अपेक्षा आहे का? नाही.

एकदाही चुकलं नाही. पासपोर्ट मागितला नाही, शिक्का नाही, शपथ नाही. सोबत कोणतेही कागद जोडण्याची गरज नाही, असं लिहून आलं. दोन मिनिटांत मंजूर.